कोरी वही, भरलेली वही

ताई,
माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. महिन्याभरात मला पुन्हा कामावर रुजू व्हायचंय, म्हणून दोन पाळणाघरं पाहून ठेवली आहेत. पहिलं मोठं आणि चकचकीत. तपासणीत ‘उत्कृष्ट’ शेरा मिळालाय, तो दारातच फ्रेम करून लावलाय. प्रत्येक खोलीत कॅमेरा आहे, दिवसभर मोबाईलवर फोटो येतात आणि ‘सहा मुलांमागे एक शिक्षिका’ असं माहितीपत्रकात छापलंय. दुसरं एका बैठ्या घरात आहे, जेमतेम अठरा मुलं. परवाना आहे, पण गेल्या तपासणीच्या अहवालात दोन त्रुटी दाखवल्यात: अपघात नोंदवहीत पालकांच्या सह्या नाहीत, आणि वर्षभरात फायर ड्रिल झालेलं नाही. तरी का कोण जाणे, माझा मुलगा तिथे माझा हात सोडून आत गेला. नवरा म्हणतो, तपासणी करणाऱ्यांनी दिलेला निकाल बाजूला ठेवून ‘मला वाटलं’ म्हणून मूल सोपवायचं का? त्याचंही चूक वाटत नाही. तुम्ही इतकी वर्षं बालवाडी चालवलीत, पुढे तपासणीही केलीत. या शेऱ्यांवर, मानकांवर कितपत विसंबायचं? आणि फार प्रश्न विचारले तर त्यांचा राग माझ्या मुलावर निघेल का, ही भीती वेगळीच.
– काठावर उभी असलेली आई

*

तुमच्या पत्रात तुमच्या नकळत एक फार कामाची गोष्ट आली आहे. ती म्हणजे अपघात नोंदवही. तिथूनच सुरुवात करते.

दोन-तीन वर्षांची मुलं रोज पडतात. आपटतात, एकमेकांना चावतात, गुडघे सोलवटून घेतात, दाराच्या फटीत बोट घालून बघतात. अशी अठरा मुलं दिवसभर जिथे असतात, तिथली वही भरलेलीच असायला हवी. पालकांच्या सह्या राहिल्या ही चूक आहेच. संध्याकाळी मूल घ्यायला आलेल्या आईला ‘आज याच्या कपाळाला इथे लागलं’ असं दाखवून सही घेण्यामागे कारण असतं, कारण रात्री उलटी झाली तर तिला डॉक्टरांना सांगता यायला हवं. पण निदान तिथे काय झालं ते लिहिलं तरी जातंय. आता त्या मोठ्या ठिकाणी जा आणि त्यांची वही मागा. सहा महिन्यांत एकही नोंद नसेल तर मी दोन पावलं मागे येईन. मुलं पडलीच नाहीत हे शक्य नाही. मग पडलेलं कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि लिहायचं टाळलं.

तपासणीला जायला लागले तेव्हा सुरुवातीला मीसुद्धा कोरी वही पाहून खूश व्हायचे. ‘एकही अपघात नाही’ असा शेरा मी माझ्या हाताने लिहिलाय.

आणखी एक सांगते, अजून सलतंय ते. एका ठिकाणी मी टेप घेऊन खोली मोजत होते. सगळं चोख होतं. खिडकीला गज, औषधपेटीतल्या बाटल्यांवरच्या तारखा बरोबर, हात धुवायची बेसिनं मुलांच्या उंचीला. मी फॉर्मवर बरोबरच्या खुणा करत चालले होते. कोपऱ्यात एक मुलगी पाठीला दप्तर अडकवून उभी होती. मी लांबी मोजली तेव्हा ती उभी होती, रुंदी मोजली तेव्हाही, खिडक्या मोजून झाल्या तरी दप्तर पाठीवरच. एक ताई तिच्या जवळून चार वेळा तरी गेल्या. माझ्या फॉर्मात दप्तराला रकाना नव्हता. मी त्या ठिकाणाला पूर्ण गुण देऊन आले. ते दप्तर नंतर कुणी उतरवलं का, मला माहीत नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. या क्षेत्रात गुणवत्तेचे दोन भाग मानतात. एक टेपने, आकड्याने, कागदाने तपासता येतो: जागा किती, माणसं किती, त्यांचं शिक्षण काय, दारं कुठे उघडतात. दुसरा तिथे बसून बघावा लागतो: मोठं माणूस मुलाशी कसं बोलतं, मूल रडलं की काय होतं. परवाना म्हणजे पहिल्या भागात पास. पासापुरते गुण, त्याहून जास्त काही नाही. दुसऱ्या भागाबद्दल तो जवळजवळ मुका असतो.

पण म्हणून पहिला भाग उडवून लावू नका. तुमच्या पत्रात फायर ड्रिलचा उल्लेख सह्यांच्या शेजारी, एकाच वजनाने आलाय, आणि ते मला खटकलं. मेक्सिकोतल्या एर्मोसियो शहरात ५ जून २००९ रोजी एका पाळणाघराला आग लागली. आग पाळणाघरात सुरू झालीच नव्हती, शेजारच्या गोदामातून आली. इमारतही मूळची गोदामासारखी, खिडक्या उंचावर. आत अडकलेल्या मुलांना काढायला भिंती फोडाव्या लागल्या. एका माणसाने आपली गाडी भिंतीवर घालून भगदाड पाडलं. ४९ मुलं गेली. त्यानंतर पालकांनी रेटा लावला आणि २०११ साली तिथे बालसंगोपन केंद्रांसाठी देशभराचा कायदा आला. दुपारच्या झोपेत असलेली वीस मुलं उठवून तीन मिनिटांत बाहेर काढायची, हे काम प्रेमळ स्वभावाने जमत नाही. ते करून बघावं लागतं. कोण कुणाला उचलेल, हजेरीची वही कोण घेईल, बाहेर कुठल्या झाडाखाली उभं राहायचं. तेव्हा त्या बैठ्या घरातल्या बाईंना सांगा, ‘माझं मूल यायच्या आधी एक ड्रिल करा आणि मला कळवा.’ त्या ‘हो’ म्हणाल्या आणि केलं, तर तो डाग पुसला. ‘अहो, इथे कुठे आग लागतेय’ म्हणाल्या, तर तुमच्या मुलाने हात सोडला असला तरी तुम्ही तो परत धरा.

आता आकडे. सगळ्या मानकांत कणा असतो तो एका मोठ्या माणसामागे किती मुलं याचा. वेगवेगळ्या देशांनी तो वेगवेगळा ठरवलाय. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस. दोन वर्षांच्या मुलांसाठी पूर्वी चारामागे एक होता, तो सप्टेंबर २०२३पासून पाचामागे एक असा सैल केला. ऑस्ट्रेलियात २०१२पासून देशभराची एक चौकट आहे, तिथे दोन वर्षांखाली चारामागे एक आणि दोन ते तीन वर्षांत बहुतेक ठिकाणी पाचामागे एक. तीन वर्षांनंतर आकडा एकदम वाढतो, तिथे बऱ्याच राज्यांत अकरामागे एक चालतो. म्हणजे तुमच्या मुलाच्या वयाला साधारण चार-पाच मुलांमागे एक माणूस हा ज्यांनी नियम कडक ठेवलेत त्यांचा अंदाज. सहा म्हणजे आकाश कोसळलं असं नाही.

फक्त तो ‘सहा’ कसा काढला ते विचारा. एकूण मुलं भागिले एकूण कर्मचारी, आणि त्या कर्मचाऱ्यांत मुख्याध्यापिका, कार्यालयातली मुलगी, स्वयंपाकाच्या मावशी, दारावरचे काका सगळे धरलेले. हा हिशेब मी इतक्या वेळा पाहिलाय की माहितीपत्रकातला आकडा मी वाचतच नाही. सरळ विचारा, ‘या खोलीत, आत्ता, किती मुलं आणि किती मोठी माणसं आहेत?’ आणि स्वतः मोजा. दुपारी ताया आळीपाळीने जेवायला जातात तेव्हा मोजा. संध्याकाळी, पाळी बदलताना मोजा. सकाळी दहा वाजता सगळीकडेच माणसं पुरेशी असतात.

याच्याशी जोडलेली, पण पालकांच्या सहसा ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे गटाचा आकार. सहा मुलं आणि एक ताई एका खोलीत, आणि चोवीस मुलं आणि चार ताया एका हॉलात: कागदावर प्रमाण तेच. पण चोवीस दोन वर्षांच्या मुलांच्या आवाजात दोन वर्षांचं मूल स्वतःचाच शब्द हरवून बसतं, आणि चार ताया असल्या की प्रत्येकीला वाटतं दुसरी बघतेय. म्हणूनच बऱ्याच मानकांत प्रमाणाबरोबर एका गटात जास्तीत जास्त किती मुलं हेही दिलेलं असतं. तुमच्या मोठ्या ठिकाणी खोल्या आहेत की हॉल, हे तुम्ही लिहिलं नाहीत. बघून घ्या.

आता तो ‘उत्कृष्ट’ शेरा. तो खोटा असेल असं मी म्हणत नाही. पण शेरा म्हणजे एका दिवशी, एका माणसाने पाहिलेलं. कुठल्या तारखेचा आहे ते आधी वाचा. दोन वर्षांपूर्वीचा असेल तर तेव्हाच्या किती ताया आज तिथे आहेत ते विचारा. निम्म्या गेल्या असतील तर तो शेरा गेलेल्या बायकांचा आहे, आत्ता असलेल्यांचा नाही. सगळ्यात जुनी ताई किती वर्षांपासून आहे आणि सगळ्यात नवी कधी आली, हे दोन प्रश्न मी कुठल्याही प्रमाणपत्राच्या आधी विचारीन. दर चार महिन्यांनी ताई बदलली तर मुलाला दर चार महिन्यांनी नव्याने कुणाच्या तरी कुशीत शिरायला शिकावं लागतं, आणि काही मुलं मग ते शिकणंच सोडून देतात. अशी मुलं ‘शांत’ म्हणून कौतुकाला पात्र होतात.

एका शब्दात निकाल सांगायची पद्धतच अडचणीची आहे. इंग्लंडमध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांसाठी तो एका शब्दाचा शेरा सप्टेंबर २०२४मध्ये बंदच केला. ऑस्ट्रेलियाच्या चौकटीत सात वेगवेगळी क्षेत्रं तपासतात आणि प्रत्येकाचा निकाल वेगळा सांगतात, म्हणजे एखादं ठिकाण सुरक्षिततेत चांगलं आणि मुलांशी नात्यात बेताचं असं निघू शकतं. म्हणून फ्रेम बघू नका, अहवाल मागा. आणि त्रुटी वाचताना स्वतःला विचारा, ही त्रुटी कागदाची आहे की हाताची? सही नाही, तारीख नाही, बोर्ड लावला नाही, या कागदाच्या. ‘डायपर बदलल्यावर हात धुतले गेले नाहीत’, ‘झोपेच्या खोलीत कुणी मोठं माणूस नव्हतं’, या हाताच्या. कागदाच्या त्रुटी आठवड्यात दुरुस्त होतात. हाताच्या होत नाहीत.

बसून पाहायच्या भागालाही मोजमाप नाही असं नाही बरं का. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० साली यासाठी एक मोजपट्टी तयार केली. निरीक्षकाने काही तास वर्गात नुसतं बसायचं, मध्ये बोलायचं नाही, आणि जे दिसतं त्याला १ ते ७ गुण द्यायचे. हात धुण्यापासून गप्पांपर्यंत सगळं त्यात येतं. तुम्हाला तासन् तास कुणी बसू देणार नाही. पण अर्धा तास मागा. अर्धा तासही बसू देत नसतील तर ते उत्तरच समजा.

त्या अर्ध्या तासात भिंतीवरची चित्रं, खेळण्यांची कपाटं बघू नका. नाक पुसणं बघा.

गंमत नाही करत. कुठल्याही बालवाडीत अर्ध्या तासात दोन-तीन नाकं पुसली जातातच. एक ताई मागून येते, न सांगता मुलाचं डोकं धरते, फडकं नाकावर दाबून फिरवते आणि पुढच्या मुलाकडे जाते. मूल मान हिसडतं. दुसरी ताई समोर येते, गुडघ्यावर बसते, ‘नाक आलंय बघ, पुसूया?’ म्हणते. मूल एकतर नाक पुढे करतं, नाहीतर ‘मीच’ म्हणून फडकं ओढतं, आणि ती ओढू देते. मग उरलेलं स्वतः पुसते. तीन-चार सेकंदांचा फरक. पण डायपर बदलताना, भरवताना, बूट घालताना, झोपवताना दिवसभर तुमच्या मुलाला हीच वागणूक मिळणार असते. मुलांमागे माणसं किती, या आकड्याचा अर्थही इथेच लागतो. अकरा दोन वर्षांच्या मुलांमागे एकटी असलेली ताई गुडघ्यावर बसूच शकत नाही. तिच्याकडे ते तीन-चार सेकंद नसतात. तेव्हा तिला दोष देऊन उपयोग नाही, मालकाला द्या.

अमेरिकेत १९९१पासून १,३६४ मुलांचा जन्मापासून मोठं होईपर्यंत माग ठेवला गेला, त्यात हेच दिसलं. जिथे एका माणसामागे मुलं कमी आणि गट लहान, तिथे मुलांशी मायेने, लक्ष देऊन वागणं जास्त आढळलं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट खास तुमच्यासाठी: मूल कसं घडतं याचा अंदाज पाळणाघरापेक्षा घरावरून, आईवडिलांवरून जास्त चांगला लागला. तेव्हा एका निर्णयावर त्याचं आयुष्य टांगलंय असं समजून झोप उडवून घेऊ नका.

कॅमेऱ्यांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. भिंतीवरचा कॅमेरा असू दे, कधी खरंच काही झालं तर कामाला येतो. पण दिवसाला वीस फोटो? ते काढायला एका ताईच्या एका हातात सतत मोबाईल असतो. मुलं ‘इकडे बघ’वर हसायला शिकतात. आणि रडणाऱ्या मुलाचा फोटो कधीच येत नाही. मला दिवसाअखेरीचं एक वाक्य चालेल: ‘आज त्याने पाण्यात काठी बुडवून काढायचा खेळ पाऊण तास खेळला.’ असं वाक्य जिथे मिळतं, तिथे कुणीतरी पाऊण तास त्याच्याकडे बघत होतं.

अक्षरं, आकडे, वह्या यांवर फार बोलणार नाही. अडीच वर्षांच्या मुलाच्या हातात ओळी गिरवायची वही दिसली की त्या ठिकाणचे माझ्याकडचे गुण कमी होतात. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी स्क्रीनसमोर दिवसाला एक तासापेक्षा जास्त बसू नये आणि दिवसभरात तीन तास तरी हालचाल करावी, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितलंय. त्यांच्याकडे टीव्ही आहे का आणि तो कधी लावतात, एवढं विचारा.

खेळणी मात्र हातात घेऊन बघा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी अमेरिकेच्या नियमात एक छोटी नळी असते, तोंड ३१.७ मिलीमीटर रुंद. जो तुकडा तिच्यात पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो, म्हणून बाद. नळी नसली तरी अंगठा आणि तर्जनीच्या कड्यातून सहज पडेल असा मणी, चाक, टोपण दिसलं तर दाखवा. बैठ्या घरात मोठी-लहान मुलं एकत्र असतात, तिथे मोठ्यांचे मणी लहानांच्या हाती लागतात. हा धोका मोठ्या ठिकाणापेक्षा तिथे जास्त, हे तुमच्या नवऱ्याच्या बाजूने सांगते.

त्याच्या बाजूने आणखी एक. ‘मला वाटलं’वर मूल सोपवू नये, हे त्याचं बरोबर आहे. पण तुमचा मुलगा आत का गेला ते तुम्ही लिहिलं नाहीत. कुणी त्याला काही दाखवलं? कुणी खाली बसून बोललं? की कोपऱ्यात पाण्याचं घमेलं होतं आणि तो पाण्याला भुलला? पहिल्या दोन्हींत ‘वाटलं’ नाही, तो पुरावा आहे. घमेलं असेल तर पुन्हा जाऊन या. या खेपेला नवऱ्याला घेऊन जा आणि नाक पुसणं त्यालाही बघू द्या.

प्रश्न विचारले तर राग मुलावर निघेल का? जिथे निघेल, तिथे न विचारताही कशावर तरी निघणारच आहे. चांगल्या ठिकाणी वही मागणाऱ्या पालकाला ताया ओळखून असतात, आणि खरं सांगू, आम्हाला त्या पालकांचा आधार वाटायचा. मालकाकडे जास्त माणूस मागताना ‘पालक विचारतायत’ हे आमचं सगळ्यात मोठं हत्यार होतं.

माझा कल बैठ्या घराकडे आहे, तुम्हाला कळलंच असेल. अटी दोन. ड्रिल आधी व्हायला हवं, आणि लहानांच्या जागेतून बारीक खेळणी वर उचललेली हवीत. त्याआधी मोठ्या ठिकाणची वही आणि दुपारची खोली बघून या. तिथे वही भरलेली निघाली, दुपारी माणसं पुरेशी दिसली आणि कुणी गुडघ्यावर बसलेलं दिसलं, तर माझा कल बाजूला ठेवा.

कुठेही घाला, पण पहिल्या दिवशी दारात सोडून पळ काढायला सांगतील तर ऐकू नका. ‘दोन दिवस रडेल, मग गप्प होईल’ हे खरं आहे, पण गप्प होणं म्हणजे रुळणं नव्हे. जर्मनीत ‘बर्लिन पद्धत’ म्हणून एक रीत बरीच चालते. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर तासभर आत बसतात, मध्ये पडत नाहीत, नुसते असतात. वेगळं होण्याचा पहिला प्रयत्न चौथ्या दिवशी, तोही थोड्या मिनिटांचा, सांगून, निरोप घेऊन. रडलं आणि ताईने जवळ घेतल्यावर सावरलं तर पुढे जायचं, नाही सावरलं तर आणखी थोडे दिवस थांबायचं. तुमच्याकडे महिना आहे, त्यातला शेवटचा आठवडा यासाठी राखून ठेवा. दोन्ही ठिकाणी फोन करून विचारा, ‘चौथ्या दिवसापर्यंत मी आत बसले तर चालेल का?’